वाकळ उलटी करून बघा

विचारणाऱ्या बाई खानापूर तालुक्यातल्या, आता नोकरीसाठी बेळगावात राहतात. आजी गेल्यावर तिच्या तीन वाकळा, म्हणजे गोधड्या, त्यांच्याकडं आल्या, त्यातली एक मधोमध फाटलेली आहे. त्यांना वाकळ शिवायला शिकायचं आहे, जुन्या वाकळा जमवाव्यात असंही मनात आहे. माझा दिवस कसा जातो, वर्गात मी काय शिकवते, संग्रह कुठून सुरू करावा आणि त्या फाटक्या वाकळेचं काय करावं, असं त्यांनी विचारलंय.

आधी त्या तिन्ही वाकळा उलट्या करून अंथरा. सकाळच्या वेळी, दाराजवळच्या उजेडात. तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत.

वरच्या अंगाला त्यातल्या त्यात चांगलं लुगडं लावायची पद्धत, त्यामुळं वरून सगळ्याच वाकळा नीटनेटक्या दिसतात. शिवणारी बाई कळते ती खालच्या अंगाला. दोरा कुठं संपला, गाठ कशी मारली, टाका केवढा घेतला ते तिथं दिसतं. काही ओळींत इंचाला तीन टाके आणि पुढं एकदम दोनच, असं दिसलं तर समजा दोन हात लागलेत. आमच्याकडं सासू एका टोकाला आणि सून दुसऱ्या टोकाला बसायची. मध्ये दोघींचे हात भेटतात तिथं ओळी जराशा वाकतात. डावखुऱ्या बाईच्या ओळी उलट्या दिशेनं फिरतात. कडेला कुठं वीतभर जागेत लहानमोठे, वेडेवाकडे टाके दिसले तर ती बहुतेक शेजारी बसवलेली एखादी पोर असते. तिला सुई धरायला शिकवली त्या दिवसाची ती खूण. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, कदाचित ती पोर म्हणजे तुमची आईच निघेल.

फाटलेल्या वाकळेचं भोक सध्या बुजवू नका. त्यातून थर मोजा. आमच्या घरातल्या एका वाकळेत मी सात थर मोजले. सगळ्यात वर डाळिंबी इरकल, त्याच्याखाली धोतर, मग कुणाच्या तरी परकराचं छापील कापड, मग मैद्याची पिशवी उसवून घातलेली. पिशवीवरची निळी अक्षरं अजून ओळखू येतात. आणि सगळ्यात आत तांबडं, जाडंभरडं, बिनकाठाचं लुगडं. ते आलवण होतं, माझ्या आजोबांच्या विधवा चुलतीचं. तिचा फोटो नाही, घरात कुणी तिचं नावही घ्यायचं नाही. ती गेल्यावर तिचं लुगडं कुणी टाकलं नाही की नेसलंही नाही, वाकळेच्या पोटात घातलं. हे थर मोजले तेव्हा मी ३० वर्षांची होते आणि शिवणं येत असूनही वाकळेकडं अंथरुण म्हणूनच बघत होते. त्या दिवसानंतर तसं बघता आलं नाही.

मी बेळगावातल्या शहापूरची. या भागात वडगाव, खासबागपर्यंत घरोघरी माग होते, आता यंत्रमागाचा खडखडाट असतो. त्यामुळं कापडाची नजर आम्हाला लहानपणीच येते. शिवायला मला शिकवलं आत्यानं. ती म्हणायची, "हात कापडावर ठेव, बोट सुईखाली ठेव, टाका मोजू नको, ऐक." जाड थरातून सुई वर येताना बारीक 'टक्' असा आवाज येतो. तो सारखा यायला लागला की टाका सारखा पडतो. आजही मी शिवताना रेडिओ लावत नाही.

दिवसाचं विचारलंय तर सांगते. पहाटेचं पाणी, चहा, भाकऱ्या हे सगळ्यांच्या घरी असतं तसंच. नऊच्या सुमाराला सोप्यात ऊन पोचतं, तेव्हा मी बसते ती साडेबारापर्यंत. हा माझा स्वतःच्या कामाचा वेळ, तेवढ्यात कुणी आलं तरी हात थांबत नाही. "ये की, बस की," म्हणायचं आणि शिवत राहायचं. जेवणानंतर कापड निवडणं, धुणं, उसवणं. यातलं निम्मं काम कुणाला दिसत नाही. दुपारी तीन ते पाच वर्ग. दिवे लागल्यावर सुई हातात घेत नाही. डोळ्यांना झेपत नाही हे एक, आणि दिव्याखाली शिवलेली ओळ सकाळी बघितली की उसवावीच लागते हे दुसरं. आठवड्यातून एकदा गल्लीतल्या शिंप्यांकडं फेरी असते. ब्लाऊजपिसांची, अस्तराची कातरणं ते माझ्यासाठी पिशवीत बाजूला ठेवतात.

आता कापड. यात मी कुणाचं ऐकत नाही: वाकळेला सुतीच हवं. नायलॉनच्या, पॉलिस्टरच्या साड्या घरात आल्या तशा त्या वाकळेतही आल्या आणि वाकळा बिघडल्या. तसलं कापड थरात सरकतं, घाम टिपत नाही. शिवाय ते झिजत नाही, त्यामुळं शेजारचं सुती कापड टाक्यापाशी कापून निघतं. कापड कुठलं ते कळत नसेल तर कडेचे दोनचार धागे ओढून चिमट्यानं ज्योतीला धरा. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचाच आणि राख भुरभुरीत पडते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. नवं कापड घालणार असाल तर आधी दोनदा धुऊन घ्या. ते आटतं आणि जुनं आटत नाही, मग पहिल्या धुण्यालाच वाकळेला सुरकुत्या पडतात.

माप असं बसतं. नऊवारी लुगडं २७ फुटांचं. ७ फूट लांबीच्या वाकळेला त्यातून तीन लांब्या निघतात आणि ६ फुटांचा तुकडा उरतो. पन्हा साधारण ४ फुटांचा, म्हणून ५ फूट रुंदीसाठी जोड द्यावाच लागतो. उरलेला तुकडा जोडाला लावायचा, काठ कडेला फिरवायचे. इरकलाचा पदर मात्र मी आत घालत नाही. त्याचं रेशीम आधी विरतं. तो वर, मधोमध लावते, म्हणजे पुढं मागं बदलता येतो. थर जमिनीवर अंथरायचे, प्रत्येक थरावर पाण्याचा हलका हात फिरवायचा, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आत्या एका कोपऱ्यावर वरवंटा ठेवायची, मीही तोच ठेवते. मग हातभर अंतरानं कच्चे टाके. नव्या बायका इथं घाई करतात. कच्चे टाके घालायला माझा अख्खा एक दिवस जातो आणि तो मी वाया गेला असं कधीच धरत नाही, कारण इथं फुगा राहिला तर तो शेवटपर्यंत तुमच्यापुढं पळत राहतो.

पुढं नुसता धावदोरा. पण तो किती, याचा हिशेब मी प्रत्येक वर्गात फळ्यावर मांडते. ५ बाय ७ फुटांच्या वाकळेत दोन ओळींमध्ये अर्धा इंच धरला तर १२० ओळी होतात, प्रत्येक ७ फुटांची. म्हणजे ८४० फूट. इंचाला तीन टाके धरा, ३० हजारांच्या वर टाके झाले. माझा हात तासाला ३० फूट चालतो, म्हणजे नुसत्या शिवणाचे २८ तास. नवशिकीला याच्या दुप्पट लागतात. वाकळ विकायची असेल तर तिची किंमत याच तासांवरून काढा, कापड जुनं आहे म्हणून स्वस्त लावू नका. रस्त्यावर मशीनची वाकळ केवढ्याला मिळते हे मला सारखं ऐकवलं जातं. मशीनवरही चांगली वाकळ होते, १६ किंवा १८ नंबरची सुई लावून. पण वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत आवळून बसतात आणि वाकळ ताठ होते. हातशिवणीत एकच दोरा वरखाली जातो, म्हणून ती अंगावर पडते, अंगाला धरून राहते. बाळाला दुपटं शिवणार असाल तर हातानंच शिवा.

दोरा जाड सुती घ्या आणि मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या. दोरा हातापेक्षा लांब घेऊ नका. अंगुस्तान, म्हणजे बोटावर घालायची टोपी, वापरा. मी दहा वर्षं न वापरता शिवलं आणि मधल्या बोटाचं टोक आता बधिर आहे.

वर्गात मी एका वेळी सहाच जणी घेते, कारण सोप्यात तेवढ्याच वाकळा पसरतात. पहिल्या दिवशी एकच अट असते: घरातल्या कुणाचं तरी वापरलेलं कापड आणायचं. बाजारातून नवीन फुलाफुलांचे तुकडे आणलेत तर परत पाठवते. आपल्या माणसाच्या कापडाला कात्री लावताना हात थांबतो, आणि तिथंच निवड शिकता येते. काय कापायचं, काय अख्खं ठेवायचं, डाग लपवायचा की राहू द्यायचा. एकीनं वडिलांचा खादीचा सदरा आणला होता. खिशावर शाईचा डाग. तिनं तीन दिवस नुसता तो सदरा मांडीवर घेऊन घालवले, मी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी तिनं खिसा तसाच कापून दुपट्याच्या मधोमध लावला, वरची बाजू न शिवता. त्यात आता तिचा नातू खडे भरून ठेवतो.

सहाजणींत मराठी घरातल्या असतात तशा कन्नड घरातल्याही. त्या कौदी म्हणतात, आम्ही वाकळ, आणि पुण्याकडच्या सुना गोधडी. पहिल्या आठवड्यात तिन्ही शब्द चालतात, नंतर कुणी कुठला वापरला याकडं लक्ष राहत नाही. धारवाडच्या एका बाईंना कसुतीचं भरतकाम चांगलं यायचं. त्यांनी माझा धावदोरा बघून म्हटलं, "हा तर अर्धा गवंती." बरोबरच आहे. गवंती हा कसुतीतला टाका, त्यात धावदोऱ्यानं जायचं आणि त्याच वाटेनं रिकाम्या जागा भरत परत यायचं. त्यांनी आम्हाला ते शिकवलं आणि तेव्हापासून वाकळेच्या कडेला एक गवंतीची ओळ घालायची सवय मला लागली. दोन्ही अंगांनी सारखी दिसते आणि कड पक्की होते.

आत्याकडून आलेली एक गोष्ट मी प्रत्येकीला करायला लावते. शेवटची फट बंद करायच्या आधी तांदळाचे दोनचार दाणे आत सोडायचे. वाकळेचं पोट रिकामं ठेवू नये, म्हणजे तिच्यात निजणाऱ्याचं पोट रिकामं राहत नाही, असं आत्या म्हणायची. मी ते मनापासून करते.

तुम्ही खानापूरच्या, म्हणून सिद्दी बायकांच्या कामाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. खानापूर तालुक्यात, आणि पलीकडं हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातल्या गुलामगिरीतून सुटून जंगलात आलेले. त्यांच्या वाकळेला कवंदी म्हणतात. आम्ही आधी सगळे थर अंथरतो आणि मग शिवतो. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि एकेक तुकडा कडा आत मुडपून लावत, शिवत, कडेकडेनं गोल फिरत मध्यावर येतात. म्हणजे मांडणी आणि शिवण एकाच वेळी चालते, पुढचा तुकडा कुठला ते हात ठरवतो. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची टोकदार 'फुलं' लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. अमेरिकेतले कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कवंद्यांचा अभ्यास केला, परदेशात त्यांची प्रदर्शनं झाली. तुमच्या घरापासून जवळ आहे, एखाद्या बाईंच्या शेजारी बसून बघा. मी हल्याळकडच्या एका आजींजवळ दोन दिवस बसले होते. बोलायला अडचण आली नाही, त्यांना कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही येतं. माझी सरळ ओळ बघून त्या म्हणाल्या, "तुझी वाकळ शेतासारखी, माझी रानासारखी." ते वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आता संग्रह. माझ्याकडं आज ७३ वाकळा आहेत, दुपटी आणि कुंच्या वेगळ्या. सुरुवात घरातल्याच तीनांपासून झाली, तुमची आहे तशीच. ही आवड मोठी आहे आणि मला तिचा आनंद आहे, पण जमवायची रीत मी फार उशिरा शिकले, तुम्ही आधीच ऐकून ठेवा.

पहिली काही वर्षं मी विकत घेत होते. पैसे दिले, वाकळ घेतली, घरी आले. त्या ११ वाकळांबद्दल मला आज काहीही सांगता येत नाही. कुणी शिवल्या, कुठल्या गावात, कुणाच्या लग्नातलं लुगडं, काही नाही. पुढं खानापूरकडच्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईंकडं एक सुरेख वाकळ दिसली, पिवळ्या खणाची चौकट असलेली. त्या द्यायला तयार होत्या, पैशाची गरज होती. पण त्यांच्या घरात पांघरायला दुसरं काही नव्हतं, नुसती घोंगडी होती खाली अंथरायची. श्रावणातला पाऊस. मी तशीच परत आले आणि महिन्याभरानं नवी वाकळ शिवून घेऊन गेले. ती त्यांना दिली. मग त्यांनी जुनी माझ्या हातात ठेवली आणि दुपारभर सांगत बसल्या, कुठला तुकडा कुणाचा. तेव्हापासून मी हेच करते: जुनीच्या बदली नवी, माझ्या हातची. वर्षाला चारपाचच मिळतात, पण प्रत्येकीची गोष्ट वहीत असते. म्हणून तुम्हालाही सांगते, आधी शिवायला शिका, किमान तीन वाकळा पुऱ्या करा, मग जमवायला लागा.

वहीत काय लिहायचं? अनुक्रमांक, माप, गाव, शिवणारीचं नाव, थर किती, कुठलं कापड कुणाचं, कधी आणि कशी मिळाली. ज्या भाषेत सांगितलं त्याच भाषेत लिहा. कन्नडमध्ये सांगितलेलं मी देवनागरीत का होईना कन्नडच लिहिते. क्रमांकाची पट्टी सुती फितीवर लिहून दोन सैल टाक्यांनी कोपऱ्याला लावा. गोंद, चिकटपट्टी, पिना चालणार नाहीत. एका शहरातल्या प्रदर्शनाला मी एकदा पाच वाकळा दिल्या होत्या. काचेच्या भिंतीला महिनाभर उन्हात टांगल्या, मागं चिकटपट्टीनं चिठ्ठ्या लावल्या. परत आल्या तेव्हा दोन फिकट झाल्या होत्या आणि पट्टी काढताना एकीचं जुनं धोतर चिठ्ठीबरोबर निघून आलं. ती इजा भरून येत नाही. आता बाहेर द्यायची असेल तर मी स्वतः बरोबर जाते.

ठेवायचं कसं ते तुमच्या हवेवर आहे. कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात बुरशी पहिली शत्रू, आणि कसर ही कापड खाणारी कीड दुसरी. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधू नका. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, लाकडी फळीला थेट टेकू देऊ नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला वेगळ्या पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवा. जरीकाठाच्या कापडाजवळ डांबरगोळ्या नकोत, जर काळी पडते. दर तीन महिन्यांनी घडी मोडा आणि दुसऱ्या रेषेवर घाला, नाहीतर घडीवरच कापड चिरतं. पाऊस संपला की सावलीत, वाऱ्यावर एक दिवस.

आणि धुणं. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरुण-पांघरुण मार्कंडेय नदीवर, मलप्रभेवर नेऊन दगडावर आपटायचं, ही आपली रीत. वापरातल्या वाकळांना ती ठीक आहे, त्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. जमवलेल्या जुन्या वाकळेला तो मार सोसत नाही. मी एकदा पावडर टाकून गरम पाण्यात भिजवली आणि तांबडा काठ सगळ्या पांढऱ्यावर उतरला. आता आधी प्रत्येक रंगावर ओला पांढरा बोळा दाबून बघते. रंग उतरला तर धूतच नाही, नुसतं वाऱ्यावर टाकते. धुण्याजोगी असेल तर गार पाण्यात, पसरट टबात, खाली चादर घालून. बाहेर काढताना चादरीसकट उचलायची, कारण भिजलेली वाकळ इतकी जड होते की टांगली तर स्वतःच्या वजनानं टाके तुटतात.

वाकळा का संपल्या असं लोक मला विचारतात. सोलापुरी चादर आली, पानपतची ब्लँकेटं आली हे खरं. पण त्याच्याही आधी बोहारीण जुन्या लुगड्यांवर भांडी द्यायला लागली. स्टीलचा डबा मिळतोय तर लुगडं कोण राखून ठेवणार? आमच्या आईनंही दिली. त्या डब्यातलं तिखट मी अजून वापरते, त्यामुळं तिला नावं ठेवत नाही.

शेवटी तुमच्या फाटक्या वाकळेचं. ती उसवून नव्यानं शिवू नका. उसवली की आजीच्या हातचे टाके गेले, मग राहिलं ते नुसतं कापड. भोकाच्या कडा तशाच राहू द्या. आजीचंच एखादं मऊ पातळ मिळालं तर त्याचा भोकापेक्षा चार बोटं मोठा तुकडा खालच्या अंगाला लावा, म्हणजे थर सुटणार नाहीत. वरच्या अंगाला त्याच रंगाची विरळ मलमल लावली की आतले थरही दिसत राहतात. टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घाला, पुढं बघणारीला तुमचा हात कुठला आणि आजीचा कुठला ते कळायला हवं. तीनपैकी एक वापरात ठेवा, त्यात जी सगळ्यात धड असेल ती. उरलेल्या दोन घेऊन या, दुपारी तीननंतर कधीही. सुई, मेण, अंगुस्तान माझ्याकडं आहे. येताना आजीच्या गावातलं कुणी म्हातारं माणूस बरोबर आणता आलं तर बघा, ती कापडं कुणाची ते ओळखायला.